खाणीच्या भुकटीची शाई

गोवा राज्य झालं त्या सुमारास मी तिथल्या पाळी गावात मिनेरच्या ट्रकवर क्लीनर होतो. मिनेर म्हणजे खाणीतलं कच्चं लोखंड. सातवीतून शाळा सोडून कोल्हापूरकडून आलेलो. नात्यागोत्याचे नसताना ज्या काकांनी पडवीत निजायला जागा दिली, त्यांच्या घरी काकी पेज प्याल्याशिवाय मला ट्रकवर जाऊ देत नसत. एवढं कुणी कशाला करतं, हे कळायचं नाही. आज ना उद्या जा म्हणतील, ही धास्ती मात्र कायम.

काका देवळात भजनाला तबला वाजवत. श्रावणातला सप्ताह तोंडावर आला आणि तबल्याची शाई उखडली. माझे वडील गावाकडे शाई भरायचं काम करत. मला ते काम नको होतं म्हणूनच तर मी घर सोडलेलं. तरी "मी बघतो करून" असं बोलून गेलो. काका इतके खूश झाले की मग मागे फिरता येईना.

शाई म्हणजे पुडीवरचा, तबल्यावर ताणलेल्या बकऱ्याच्या कातड्यावरचा काळा गोल. लोखंडाची भुकटी, काजळी आणि भाताची खळ मळून पातळ थर द्यायचा, दगडाने घोटायचा, परत थर, परत घोटणं. घोटता घोटता तिला केसासारख्या भेगा पडतात आणि त्या भेगांमुळेच तबला बोलतो. वडिलांची भुकटी ठरलेल्या दुकानातून यायची. मला वाटलं, इथे डोंगरच्या डोंगर लोखंडाचे, भुकटी बाहेरून कशाला आणायची? ट्रकच्या हौद्यातला माल कुटला, फडक्यातून गाळला. रंग तांबूस दिसला म्हणून काजळी जास्त घातली. घरी वाजवून पाहिला तेव्हा आवाज बरा वाटला.

देवळात दुपारी आमच्या वाड्याची, म्हणजे वस्तीची, भजनाची बारी लागली. दुसऱ्याच अभंगाला तबला बसल्या घशासारखा वाजू लागला. बोटं पडतील तशी तांबडी धूळ उडून काकांच्या पांढऱ्या धोतरावर बसत होती.

"काका, तबलो वाजयतात काय मिनेर भरतात?" पेटीवाला म्हणाला. सगळे हसले.

"आनी म्हणे कोल्हापूरच्या कारागिराकडसून करून हाडलो!" टाळवाल्याने पुस्ती जोडली.

तबला कोल्हापूरच्या कारागिराकडून करून आणला असं काकांनी सांगितलंय, हे मला ठाऊकच नव्हतं. ते मान खाली घालून नुसत्या कडेवर बोटं चालवत राहिले. माझ्यापायी त्यांना हसतायत, हे मला सोसेना. अभंग संपताच मी उठलो.

"कारागीर कुणी नाही. शाई मी भरली. चूक माझी."

मग पेटीवाला हळूच म्हणाला, "म्हणजे ट्रकाचो क्लीनर? वा काका!"

आता हसत होते ते तबल्याला नव्हे, काकांच्या थापेला. त्यांना वाचवायला उठलो आणि चारचौघांत खोटं पाडून बसलो. धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

घरी येऊन अंथरूण गुंडाळायला घेतलं. काकी दारात आल्या.

"खंय चल्लो रे?"

मागून काका म्हणाले, "तिका सांग, हांवें खोटें सांगूंक ना. तू कोल्हापूरचोच न्हय?"

काका खोटं बोललेच नव्हते म्हणे! काकी तोंडाला पदर लावून हसल्या. काका हसले नाहीत. धोतर झटकत म्हणाले, "फाल्यां तबलो घेऊन बापायगेर वच. खरोच कोल्हापुरांत करून हाड. आनी चवथीच्या आदीं परत यो, आरत्यांक जाय."

दुसऱ्या दिवशी तबला मांडीवर घेऊन वडिलांकडे जायला बसमध्ये बसलो. गणेशचतुर्थीच्या आरत्यांना तबला हवा, त्याआधी परत ये म्हणाले होते, म्हणजे जागा गेली नव्हती. तरी मान वर होईना. वडील नखाने ती शाई खरवडणार, बोटावरची तांबडी धूळ बघणार आणि विचारणार, "कुणी भरली रे ही?"

तिथेही मलाच सांगायचं होतं.