मामाने सांगितलेली खाण

मामाला कुठल्याही नव्या घरात नेलं की तो आधी छत्रीच्या दांड्याने छत ठोकून बघतो. टणक वाजलं तर खुशाल बसायचं, पोकळ वाजलं तर निमूट माघारी फिरायचं. माझ्या फ्लॅटचं छतही त्याने ठोकलं होतं, तेव्हा वरच्या मजल्यावरची बाई भांडायला खाली आली होती. सगळा जन्म तांब्याच्या खाणीत काढलेल्या माणसाची ही खोड. खाण बंद पडली, खोड नाही सुटली.

आता त्या खाणीची बाग झालीय. आमच्या उपनगराच्या कडेच्या टेकडीवर चालायच्या वाटा आखल्यात, खड्ड्याचं तळं झालंय आणि दगड वाहायच्या लोखंडी डब्यांत फुलझाडं लावलीत. एक बोगदाही लोकांना बघायला खुला केलाय. ही बातमी मी मोठ्या उत्साहाने मामा-मामीला सांगितली आणि मामाच्या पायाखालची वाळू सरकली.

"मला बघायचंय," मामी लगेच म्हणाली. खाण चालू होती तेव्हा बायकांना आत सोडत नसत.

मामाने मला बाजूला ओढलं. "काय करून बसलीस! मी तिला काय काय सांगून ठेवलंय!"

सांगितलं होतं ते असं, की खाली लग्नाच्या हॉलसारखी ऐसपैस जागा आहे, लख्ख दिवे आहेत, वारा खेळता आहे. नव्या नवरीने धसका घेऊ नये म्हणून मारलेली थाप. मग ती निभवायला आणखी दहा. बिचारा पुरता अडकला होता.

"आता या वयात खोटारडा ठरणार मी," तो म्हणाला. "पुढे माझ्या एका शब्दावर तरी विश्वास ठेवेल का ती?"

त्याने गुडघ्यांची सबब सांगून पाहिली, उन्हाची सांगितली. मामी बूट घालून दारात उभी होती.

टेकडीवर चढताना मामा मागे मागेच राहत होता. चोराच्या मनात चांदणं. मध्येच तो थांबला आणि छत्रीने माझ्या पायांकडे खूण केली. "तू उभी आहेस ना, त्याच्या बरोब्बर खाली बसून आम्ही डबा खायचो."

मी खाली बघितलं. साधं गवत होतं. एक बाई कुत्र्याला फिरवत होती, दोघं घाम पुसत पळत होते. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"अख्खी टेकडी आतून पोकळ आहे? माणसांनी कोरलेली?"

"मग काय उंदरांनी?"

बोगद्याच्या तोंडाशी वाट दाखवणाऱ्या मुलीने आम्हाला हेल्मेटं दिली. मामाने मामीला अडवलं, आधी स्वतः आत गेला आणि छत ठोकलं.

"आजोबा, आम्ही रोज तपासतो हो."

"तपासा की. मीही तपासतो."

थोडं आत गेलो आणि छत एकदम खाली आलं. कमरेत वाकून चालावं लागलं. भिंती ओल्या होत्या आणि दगडात हिरव्या शिरा चमकत होत्या, इतक्या सुंदर की मी वाकलेलीच थांबून बघत राहिले. दगडावर छिन्नीचे वार दिसत होते, एकाला लागून एक, नजर पोचेल तिथपर्यंत. एवढा डोंगर माणसं हातांनी खात गेली होती! मामी त्या खुणांवरून बोटं फिरवत होती. मामा तिच्या तोंडाकडे बघायचं टाळत होता.

"आता जरा वेळ दिवे घालवते," ती मुलगी म्हणाली. "कामगाराचा दिवा विझला की काय व्हायचं ते कळेल."

दिवे गेले. आपल्या घरातला अंधार हा अंधारच नव्हे, हे मला तेव्हा कळलं. डोळे उघडे आहेत की मिटलेले, तेही समजेना. कुठेतरी पाणी ठिबकत होतं.

"अहो," मामीचा आवाज आला.

"इथंच आहे." मग मामा म्हणाला, "मी खोटं सांगितलं तुला. हॉलबिल काही नव्हता."

"ठाऊक आहे."

"आत्ता बघितलंस म्हणून!"

"छे, पहिल्या महिन्यापासून. तुमचे शर्ट कोण शिवायचं? हॉलमध्ये हिंडणाऱ्या माणसाचा शर्ट पाठीवर फाटतो होय? वाकून चालता, छताला घासता, सगळं कळत होतं. पण हा अंधार नव्हता ठाऊक. तो कुठल्या शर्टावर दिसला नाही."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतकं रंगवून सांगायचात. आणि मी तरी कुठं खरं बोलत होते? रात्रपाळीहून आलात की विचारायचात, झोप लागली का? मी रोज म्हणायचे, हो, गाढ."

दिवे लागले. मामाची छत्री खाली चिखलात पडली होती आणि त्याने दोन्ही हातांनी मामीचा हात धरला होता.