ओली तूर

माणसं राहायला आली की नियम येतात, आणि नियम आले की किस्से साचतात. अमरावतीत बडनेरा रोडला आमची आखीव कॉलनी. सारखी रो-हाउसं, समोर सारख्या बागा. मी कमिटीतला बिनकामाचा मेंबर. चहा प्यायचा आणि मान हलवायची! चार मित्र जमले की हे किस्से मीच सुरू करतो. हल्ली मात्र सांगता सांगता मन उदास होतं.

*

पहिला नियम लॉनचा. घरासमोर हिरवंगार गवत पाहिजेच. इकडच्या मे महिन्यात माणूस वाळतो, तिथं गवत काय टिकणार! आमच्या अध्यक्षांनी सरळ प्लास्टिकचं लॉन आणून अंथरलं. ते इतकं तापायचं की संध्याकाळी त्यांच्या मिसेस पाइपनं पाणी मारायच्या.

कोणीतरी विचारलं, "वहिनी, प्लास्टिकले पानी?"

"गवतासाठी नाई बाप्पा, पायासाठी!"

*

दुसरा नियम कुंपणाचा. मेंदी असो की आणखी काही, चार फुटांच्या वर जाता कामा नये. का, तर कॉलनीला 'ओपन लुक' पाहिजे!

कोपऱ्यावरच्या ढोलेबाई मीटिंगमध्ये उभ्या राहिल्या. "कायचा ओपन लुक! आमी अंगनात जेवाले बसलो की अख्ख्या कॉलनीले आमची भाजी दिसते!"

अध्यक्ष म्हणाले, "मंग भाजी चांगली करत जा."

सगळे हसले. शेवटच्या खुर्चीवरचे शामरावकाका तेवढे हसले नाहीत.

*

शामरावकाका परतवाड्याकडचे शेतकरी. काकूंना कॅन्सर झाला म्हणून दोघं इथं लेकाच्या रिकाम्या घरात येऊन राहिले. लेक पुण्याला. औषधांनी काकूंचे केस गेले, भुवयाही गेल्या. अंगात सारखी थंडी भरायची. अंगणात उन्हात बसावं, एवढीच त्यांची इच्छा. पण बसल्या की रस्त्यानं जाणारा हमखास थांबायचा, "कसं वाटते काकू आता?" काकू पदर पुढं ओढून आत निघून जायच्या.

पाऊस पडला तशी काकांनी कुंपणाच्या कडेनं तूर पेरली, चांगली दाट. दिवाळीपर्यंत ती डोक्याच्या वर गेली.

*

झाली मीटिंग! अध्यक्ष म्हणाले, "काका, कुंपन चार फुटाच्या वर गेलं."

"कुंपन कुठं हाय? ते तर पीक हाय."

"कॉलनीत पीक नाई चालत."

"कुठं लिहून हाय? दाखवा."

नियमावली उलटीसुलटी करून पाहिली. पिकाबद्दल अक्षर नाही! घरासमोर कोणी तूर पेरेल, असं बिल्डरला स्वप्नातही वाटलं नसणार. शेवटी ठरलं, काढणीपर्यंत तूर राहील.

काकू रोज उन्हात बसू लागल्या. तुरीआडून आवाज यायचा, "ढोलेबाई, आज वांगे भाजले का?" ढोलेबाई रस्त्यावरूनच उत्तर द्यायच्या. कित्येक महिने गप्प असलेली बाई आता दिसेल त्याच्याशी, म्हणजे न दिसता, बोलायची. ऐकून फार बरं वाटायचं.

*

पौष संपत आला. अध्यक्षांनी विचारलं, "काका, काढनी कवा?"

"अजून ओली हाय."

माघात पुन्हा विचारलं. "ओलीच हाय!"

शेंगा तडकून दाणे रस्त्यावर पडत होते. हाताशी आलेलं पीक असं उभं वाया घालवणारा शेतकरी मी जन्मात पाहिला नव्हता. कमिटीतली निम्मी माणसं शेतकऱ्यांचीच पोरं. वाळलेल्या तुरीचा खुळखुळाट कोणाला कळत नाही?

अध्यक्षांनी एक शेंग तोडली, बोटांत चुरली, दाणे खिशात टाकले. म्हणाले, "हो, ओलीच दिसते."

त्या माणसाबद्दल मला तेव्हा पहिल्यांदा आदर वाटला.

*

फाल्गुनात काकू गेल्या. तेरवी झाली आणि दुसऱ्या सकाळी अध्यक्षांनीच मला पाठवलं. "काकाले सांगा, तूर राहू द्या. आता कोनी काई म्हननार नाई."

गेलो तर काका विळा घेऊन तूर कापत होते. अर्धीअधिक आडवी झालेली.

"काका, काहून कापता? कमिटीनं राहू द्या म्हटलं ना!"

त्यांनी हात थांबवला नाही.

"घरात आता कोनी दिसत नाई, बाप्पा. रस्त्यानं जानारं तरी दिसू द्या."