सुलूला मीठ हवं होतं

माझ्या मेहुण्यांचा, मधुकररावांचा फोन आला तेव्हा मी अंगणात वाळत घातलेली आमसुलं गोळा करत होते. "ताई, सुलू गेली... दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचलो नाय." सुलू, माझी धाकटी बहीण. त्याच दुपारी ती माझ्याशी बोलली होती. त्याला आता सात आठवडे झाले.

अकरा वर्षांपूर्वी ती मालवणहून माझ्याकडे सावंतवाडीला थोडे दिवस राहायला आली, तेव्हा मी तिला क्षणभर ओळखलंच नाही. मूळची गोरी, पण चेहरा काळवंडलेला, तळहातांच्या रेषासुद्धा काळ्या. उठून उभी राहिली की चक्कर यायची. आणि मीठ! खारातल्या कैऱ्यांचं पाणी वाटीने प्यायची. मला रक्तदाबाचा त्रास, त्यामुळे मिठाची धास्ती. "किती ता मीठ खातंस गो!" मी ओरडले. ती ओशाळली. "काय करू गो ताई... आंगच मागता." मी मिठाची बरणी आणि कैऱ्या कुलपात ठेवल्या. तिसऱ्या दिवशी ती न्हाणीघरात कोसळली.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. त्यांचं संप्रेरक मूत्रपिंडांना मीठ राखून ठेवायला सांगतं. सुलूच्या ग्रंथी निकामी झाल्या होत्या. मीठ लघवीवाटे जात होतं, त्यामागोमाग पाणी, आणि रक्तदाब उतरत होता. "त्यांचं शरीर मीठ मागत होतं, ते बरोबरच होतं," ते म्हणाले. कुलपाचं मी कोणाला सांगितलं नाही. सुलूनेही नाही... कधीच.

त्या संप्रेरकाच्या रोजच्या गोळ्यांवर ती पुन्हा उभी राहिली. शिवणाचे वर्ग घेतले, दशावताराला पहिल्या रांगेत बसली. मी मात्र तिला पुन्हा कधी 'हे कर, ते करू नको' म्हटलं नाही.

त्या दुपारी तिचा फोन आला. "दोनदा उलटी झाली गो. गोळी पोटात ऱ्हवत नाय. दवाखान्यात जाव काय, की संध्याकाळपर्यंत बघू?" अशा वेळी इंजेक्शनला उशीर चालत नाही, हे मला ठाऊक होतं. 'आत्ता नीघ' अगदी ओठांवर आलं होतं...

"तुका काय वाटता ता कर," मी म्हटलं.

मधुकरराव दुकानातून घरी आले तेव्हा ती शुद्धीवर नव्हती.

परवा मालवणला तिच्या खोलीत गेले. खिडकीच्या झडपेला आतून एक कागद चिकटवलेला आहे, मधुकररावांसाठी, तिच्या अक्षरात. 'उलट्या झाल्यास थांबू नये. लगेच इंजेक्शन.' खाली, वेगळ्या शाईत: 'मी ऐकले नाही तर ताईला सांगावे. तिचे मी ऐकते.'