काकांची कबुली आणि भिंतभर रेडिओ

आयकरवाल्यांची धाड खरं तर वरच्या मजल्यावरच्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यावर होती. पण हुकमात सगळी इमारत होती आणि तळमजल्यावर आमच्या काकांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. भिंतभर लाकडी रेडिओ पाहून साहेबांना वाटलं, व्यापाऱ्याचा माल इथेच दडवलाय.

ते रेडिओ होते गिऱ्हाइकांचे. दुरुस्तीला टाकून गेले आणि पुन्हा फिरकले नाहीत. काकू गेल्यापासून दुकानात मी सोडून कुणी येत नसे, आणि मी म्हणजे फुकट चहा पिणारा. त्या दिवशी एकदम चार माणसं आली, बसली, प्रश्न विचारू लागली! काकांना कोण आनंद. चहा झाला, एकेक रेडिओ लावून झाला. "हा जरा रुसतो, पण थोपटलं की गातो."

"हे सगळे तुमचे?"

"माझेच की! माझ्याशिवाय यांना विचारतंय कोण?"

"हिशोबात दाखवलेत?"

"छे हो."

जबाब तयार झाला: "विक्रीसाठी ठेवलेला बेहिशेबी माल, माझ्या मालकीचा." काकांनी न वाचता सही ठोकली आणि वर "येत जा" म्हणाले. काही महिन्यांनी आली ती नोटीस. कर आणि दंड भरायचा तर दुकान विकावं लागणार होतं, आणि दुकानामागची खोली हेच काकांचं घर.

वकीलबाई वैतागल्या. "इतके महिने काय केलंत? कबुली काही काळ्या दगडावरची रेघ नसते, पण फिरवायची तर वेळेत, आणि पुराव्यानिशी. लिहूया, दमदाटी करून सही घेतली."

"दमदाटी? अहो, त्यांच्यातल्या एकाने कप विसळले!"

बाईंनी कपाळाला हात लावला. "मग मालक आणा."

आम्ही दारोदार फिरलो. एका निवृत्त शिक्षिकेने दार अर्धंच उघडलं. "कर कार्यालयात? नको बाबा, विकतचं दुखणं कोण घेईल?"

"बरोबर आहे तुमचं," म्हणून काका वळलेसुद्धा.

"काका, जरा भांडा की!"

"इतक्या वर्षांनी भेटतोय रे. भेटल्या भेटल्या भांडू?"

दुसऱ्या फेरीला मी एकटा गेलो आणि असे रेडिओ आता केवढ्याला जातात ते सहज बोलून गेलो. झालं! ज्याला त्याला वडिलांची आठवण दाटून आली. सगळ्यांनी शपथेवर लिहून दिलं: रेडिओ आमचाच.

सुनावणीत अपील ऐकणाऱ्या साहेबांनी विचारलं, "तुम्हाला धमकावलं होतं का?"

"नाही हो. फार चांगली माणसं."

वकीलबाईंनी डोळे मिटले. पण साहेबांनी कागद पुन्हा चाळले. विक्री नाही, खरेदीदार नाही, मालक शपथेवर सांगताहेत. नुसती कबुली किती वजन पेलणार? आकारणी रद्द झाली.

त्याच आठवड्यात मालक रिक्षा घेऊन आले. काका प्रत्येकाला बजावत होते, "अधूनमधून लावत जा, नाहीतर आवाज बसतो." कुणी ऐकत नव्हतं, सगळे रिक्षात रेडिओ बसवण्यात गुंग. शिक्षिकाबाई शेवटच्या. त्या तर रिक्षातून उतरल्याही नाहीत.

मग काकांनी चहा टाकला. दुकानात स्टोव्हचाच काय तो आवाज.

"तुझ्याकडे काही बिघडलंय का रे?"

"नाही, काका."

"बरं. बिघडलं की आण."