आण्णांनी कापलेली ओळ

आण्णा माणसालासुद्धा आधी हुंगायचे आणि मग बोलायचे. टौरंगाजवळच्या शेतावर मी पहिल्या दिवशी गेले, तर माझ्या पांढऱ्या कोटाच्या बाहीजवळ नाक आणून म्हणाले, "नवा आहे. अजून कशाला हात लावलेला दिसत नाही."

शेत औषधी गांजाचं होतं. सरकारी परवान्याचं, कुंपणावर कॅमेरे असलेलं. जन्मभर तासगावकडे द्राक्षं पिकवून आण्णा इकडे परदेशात मुलाकडे आले आणि घरी बसवेना म्हणून इथे कामाला लागले. मुलगा महाराष्ट्र मंडळात सांगायचा, "बाबा किवीफ्रूटच्या बागेत असतात." मंडळी समजूतदारपणे मान हलवायची आणि मग एकेक जण आण्णांना हॉलच्या मागे गाठायचा. चिटणीसबाई म्हणाल्या, "मला असलं काही आवडत नाही हं आण्णा. पण गुडघ्यांसाठी थोडं मिळेल का?"

"तिथलं गळलेलं पानसुद्धा मोजून ठेवतात, ताई. डॉक्टरांकडे जा. तोवर किवी खा."

आमच्या घरात पदवी मिळवणारी मी पहिली. छापील कागदावर माझा फार विश्वास. काढणीची तारीख माझ्या अहवालावर ठरायची. कळीवरचे चिकाचे बारीक थेंब भिंगातून बघायचे. पाण्यासारखे असले तर माल कच्चा, दुधाळ झाले की तयार. नियमाला हवे तेवढे दुधाळ झाले की मी सही करायची.

त्या एप्रिलमध्ये एका मंगळवारी आण्णांनी कळी दोन बोटांत चोळली, हुंगली. "आत ओल धरतेय. उद्यापासून पाऊस. आजच काप."

"थेंब अजून कच्चे आहेत, आण्णा. नियमाप्रमाणे शुक्रवार."

"पोरी, बुरशीनं वाचलाय का तुझा नियम?"

मी सही केली नाही. मॅनेजरबाईंनी दोघांचंही ऐकलं आणि "स्वीट ॲज", म्हणजे इथल्या बोलीत 'झकास', म्हणून शुक्रवार कायम केला. दुपारी आण्णांनी कात्री घेऊन कुंपणाकडची एक ओळ कापली आणि वाळवणीच्या खोलीत नीट टांगली. विनापरवानगी कापणं म्हणजे परवान्यावरच गदा. संध्याकाळी त्यांचं गेटचं कार्ड काढून घेतलं.

पाऊस तीन दिवस पडला. शुक्रवारी जी कळी फोडावी तिच्या आत राखाडी बुरशी. तपासणीत उतरली ती एकच ओळ. कंपनीच्या माहितीपत्रकावर तिचाच फोटो आला. खाली लिहिलं होतं 'शास्त्रशुद्ध काढणी', आणि शेजारी भिंग धरून हसणारी मी.

आण्णा गावी परत निघाले, तेव्हा मंडळाने किवीफ्रूट क्षेत्रातल्या सेवेबद्दल त्यांना शाल दिली. आण्णांनी शाल हुंगली आणि खांद्यावर घेतली. मी शेतावरून तशीच, कोटातच आले होते. माहितीपत्रक पुढे करून म्हटलं, "ओळ तुमची आहे, आण्णा. सही तेव्हाच करायला हवी होती."

त्यांनी फोटोकडे पाहिलंही नाही. माझी बाही नाकाशी धरली. सडकी झाडं उपटताना लागलेला चिक धुऊनही गेला नव्हता.

"आता लावलेला दिसतोय हात," ते म्हणाले.