मेलेले दाणे

काही प्रकरणं कागदावर मिटतात, मनातून जात नाहीत. अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीतलं हे एक.

तिथे एका छोट्या कारखान्यात साबणाला लागणारं सुगंधी रसायन बनायचं. पूर्वी त्यात तेजाब, म्हणजे गंधकाचं आम्ल ओतत. कामगारांचे हात भाजायचे, उरलेलं आंबट पाणी नाल्यात जायचं. मालकाने ते बंद करून साबुदाण्याएवढे घन आम्लाचे दाणे आणले. दाणे नळकांड्यात भरायचे आणि कच्चा माल त्यातून सोडायचा. माल तयार होऊन बाहेर येतो, दाणे जागेवरच राहतात, महिनोन्‌महिने चालतात.

एका सोमवारी मालच बनेना. कुणीतरी दाणे मुद्दाम नासवले, अशी तक्रार घेऊन मालक ठाण्यात आला. मी पंचनामा केला, नमुना सील करून अमरावतीच्या प्रयोगशाळेत पाठवला. त्याच दुपारी खबर मिळाली की रविवारी, सुट्टी असताना, जुना ऑपरेटर एकटाच आत होता. लगेच उचलून आणला. पन्नाशीचा माणूस, कोपरापर्यंत तेजाबाचे डाग.

"काय टाकलंस त्यात?"

"काई नाई साहेब. दाने मयले होते, धुतले. दिवसभर पाइप लावून ठेवला."

"सुट्टीच्या दिवशी? फुकट?"

"आपल्याच कामाचे होते ना."

"पाण्यानं कधी काही मरतं का रे?" म्हणत मी दोन थोबाडीत दिल्या. तीन दिवस त्याला सकाळपासून बाकावर बसवला. उत्तर एकच, "धुतले साहेब." पक्का पढवलेला आहे, असं वाटून माझं डोकंच फिरलं. मालकाने त्याला कामावरून काढून टाकलं.

काही दिवसांनी प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला. "विषबिष काही नाही. दाण्यांत मीठ भरलंय. धुतले कुठल्या पाण्यानं?"

"बोअरच्या."

"अहो, तुमचा तो खारपाणपट्टा! खाऱ्या पाण्यातला सोडियम दाण्यांत शिरून आम्ल बाहेर काढतो. त्यांना क्षार काढलेलं पाणीच लागतं. पण फेकू नका, सौम्य आम्लानं धुतले की पुन्हा चालतील."

त्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे इथल्या पोराटोरांना ठाऊक आहे. मला सुचलं नाही. दाण्यांसोबत आलेला सूचनांचा कागद इंग्रजीत होता, तोही मालकाच्या कपाटात. मालकाला फोन केला, तर त्याने दाणे केव्हाच फेकले होते. "ती भानगडच नको साहेब, तेजाब बरं," म्हणाला.

ऑपरेटरचं गाव बाळापूरकडे. मी स्वतः गेलो. तुझ्यावर काही ठपका नाही, दाणे खाऱ्या पाण्याने गेले होते, ते सुधारताही आले असते, असं सगळं सांगितलं. बाजेवर पडून ऐकणारा तो उठून बसला.

"मंग ते दाने जित्ते होतीन काय साहेब?"

फेकले, आता पुन्हा तेजाबच, असं सांगावं लागलं. माझा मार खाताना न रडलेला माणूस तोंडावर हात ठेवून ढसाढसा रडला.

"माहा जोडीदार उचलून राहिला असन आता ते तेजाबाचे कॅन. त्याले एकच डोया उरला साहेब. दुसरा तेजाबानंच गेला."

"चुकलं माझं," मी म्हणालो. त्याचं लक्ष नव्हतं.

नोकरीत खोटं बोलणारे इतके पाहिले, की त्यांना ओळखण्यात माझा हात कोणी धरू शकत नव्हता. खरं बोलणारा माणूस मात्र तीन दिवस माझ्यासमोर बसला होता, आणि मला तो ओळखता आला नाही.