खाचांची पट्टी

कंपाउंडर एकाहत्तर वर्षांचे होते आणि त्यांना खोकला नव्हता. तरीही त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फळीवरची खोकल्याच्या औषधाची तपकिरी बाटली गेली दोन वर्षं कधी रिकामी राहिली नव्हती.

बाटलीला कागदाची पट्टी असे. कागद उभा दुमडायचा, कडेला कात्रीने खाचा मारायच्या आणि खळीने बाटलीला डकवायचा. एका खाचेपासून पुढच्या खाचेपर्यंत एक डोस. डॉक्टरांच्या दवाखान्यात लाकडी पार्टिशनमागे उभं राहून त्यांनी एक्केचाळीस वर्षं अशा पट्ट्या कापल्या. पुढे कंपन्यांच्या तयार बाटल्या आल्या, तेव्हा ते छापील लेबलावर आपली पट्टी चिकटवू लागले. कंपनीवर त्यांचा विश्वास नव्हता.

पार्टिशनला हात जाईल एवढी खिडकी होती. औषध घेतलं की प्रत्येक जण हमखास विचारी, "कधी घ्यायचं म्हणालात?" एकदा सांगितलेलं लोकांच्या डोक्यात कसं शिरत नाही, याचा कंपाउंडरांना भयंकर राग येई. घरी आल्यावर ते बायकोपुढे करवादत. बायको म्हणे, "मग सांगा की दोनदा. तोंड झिजतंय का?"

डॉक्टर वारले. दवाखाना त्यांच्या मुलाने घेतला आणि कंपाउंडर घरी बसले. सहा महिन्यांत बायकोही गेली. चार दिवस पाहुणे होते, ते पांगले. मग सकाळी उठायचं कशासाठी, हेच त्यांना कळेना. चहा करायचे आणि प्यायला विसरायचे. दाढी आठवड्यावर गेली. कशात जीव लागत नाही, ही तक्रार त्यांनी खिडकीतून शेकडो वेळा ऐकली होती आणि शेकडो वेळा "होईल कमी" म्हणून पुडी पुढे सरकवली होती. आता ती स्वतःचीच झाली, तर सांगायची कुणाला? कंपाउंडरला काय होतंय, हे जन्मात कुणी विचारलं नव्हतं.

झोप यावी म्हणून त्यांनी रम आणली. ती तपकिरी बाटलीत ओतली आणि सवयीने पट्टी कापली. पट्टी लागली की ते औषध झालं. दिवसातून तीनदा. दारुडे बाटलीने पितात, आपण डोसाने घेतो, तेव्हा त्या मंडळींशी आपला काही संबंध नाही, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पहिल्या वर्षी बाटलीला बारा खाचा होत्या. दुसऱ्या वर्षी चार. हात थरथरतो, बारीक खाचा जमत नाहीत, असं त्याचं कारण त्यांनी ठरवून टाकलं होतं.

एक ते पाच मात्र डोस नसे. त्या वेळात त्यांची चार वर्षांची नात त्यांच्याकडे असे. लेक कामावर जाताना तिला सोडायची, येताना न्यायची. हे चार तास होते म्हणून तर ते दुपारी अंघोळ करून बसत. गेल्या महिन्यात एकदा, नात झोपली आहे असं बघून, त्यांनी दोन वाजता डोस घेतला. त्यांचाही डोळा लागला. नात उठून जिना उतरून गेली. शेजारणीने तिला उचलून आणलं. लेकीला ते ना शेजारणीने सांगितलं, ना कंपाउंडरांनी.

त्या सोमवारी नात दुपारभर खोकत होती. पाच वाजता लेक आली, पोरीचा आवाज ऐकून थेट फळीपाशी गेली.

"बाबा, तुमचं औषध देते हिला."

"ते जुनं झालंय."

"पट्टी तर अजून ओली आहे."

"मोठ्यांचं आहे ते."

"म्हणून अर्धाच डोस देते. तुम्हीच शिकवलंय." लेकीने चमचा घेतला. लहानपणी तिचे सगळे ताप, खोकले अशाच पट्ट्यांवर उतरले होते. वास घेऊन बघावा असं तिच्या मनातही आलं नाही.

बाटली हातून पाडावी, असं कंपाउंडरांना वाटलं. थरथरत्या हातांना ते सहज जमलं असतं. पण उद्या ते नवी भरणार होते आणि तिलाही पट्टी लावणार होते, हे त्यांना ठाऊक होतं. नातीने तोंड उघडलं.

"दारू आहे ती," कंपाउंडर म्हणाले.

लेकीचा हात थांबला. तिने चमचा नाकाशी नेला आणि मोरीत उलटा केला. मग ती खाली बसली. नात अजून तोंड उघडं ठेवून उभी होती.

"कधीपासून?"

"तुझी आई गेल्यापासून."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस," ते म्हणाले. मग म्हणाले, "मीच लपवलं. गेल्या महिन्यात ही एकटीच जिना उतरून गेली होती, तेव्हाही घेतली होती."

लेक रडली. तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "पोर उद्यापासून शेजारी राहील."

"किती दिवस?"

"ते डॉक्टरांना विचारू."

दुसऱ्या दिवशी कंपाउंडर पहिल्यांदाच पार्टिशनच्या अलीकडे, बाकावर बसले. धाकट्या डॉक्टरांनी विचारलं, "काका, काय होतंय?" आणि कंपाउंडरांना सगळं सांगायला अर्धा तास लागला. डॉक्टर म्हणाले, एकदम सोडायची नाही, मी सांगेन तशी सोडायची. मन असं विझून जाणं हाही आजारच आहे, त्यालाही औषध आहे. कंपाउंडरांचा प्रश्न एकच होता, नात परत कधी. डॉक्टरांनी लेकीकडे पाहिलं. लेक म्हणाली, "औषध नीट घ्या, मग बघू."

खिडकीत आता एक मुलगी होती. तिने गोळ्या पुढे केल्या आणि कधी, किती, कशाबरोबर, ते सांगितलं. कंपाउंडरांनी सगळं नीट ऐकलं. त्यांना ते न सांगताही कळलं असतं.

"कधी घ्यायच्या म्हणालात?" त्यांनी विचारलं.

मुलीने पुन्हा सांगितलं. ते दारापर्यंत गेले, थांबले आणि खिडकीशी परत आले.